शंभर केबीत बसणारा समाज

माझ्या घरी प्रिंटर आहे, हे केशोरावांना कळायला नको होतं.

समाजाच्या वधूवर मंडळाची वेबसाइट काढायचं ठरलं त्या सभेत अध्यक्ष केशोरावांनी विचारलं, "हे काम कोन पाहीन?" आणि सगळी सभा वर पंख्याकडे बघायला लागली. तेवढ्यात मागून आवाज आला, "कैलाशभाऊच्या घरी प्रिंटर हाय." बस्स. टाळ्या वाजल्या, गळ्यात हार पडला, आणि पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला मी एका मिनिटात संकेतस्थळ प्रमुख झालो. प्रिंटरचा आणि वेबसाइटचा संबंध काय, हे कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. निवृत्तीनंतर नावापुढे 'प्रमुख' लागतंय म्हटल्यावर माणूस फार खोलात जात नाही. सत्काराचा फोटो मात्र झकास निघाला. साइटवर सगळ्यात पहिला फोटो चढला तो हाच.

साइट बनवली मोहितने. गोंदियाच्या बाजारात त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. मराठी त्याला समजते, पण बोलताना तो हिंदीतच बोलतो, आणि गोंदियात राहून याबद्दल तक्रार करायची तर अर्ध्या गावाशी भांडावं लागेल. त्याने मला पासवर्ड दिला, तो कोणालाही न सांगण्याची शपथ घातली आणि तो दुकानातल्या पाटीवर खडूने लिहून ठेवला.

सुरुवातीला सगळं छान चाललं. मुलांचे फोटो येत होते, मुलींचे येत होते, मी रोज सकाळी चहाबरोबर ते तपासत होतो. महिनाभरात मोहितचा फोन आला.

"अंकल, सर्वर फुल हो गया."

"म्हणजे?"

"मतलब भर गया. अब एक भी फोटो नहीं बैठेगा."

आता 'भरला' हा शब्द आमच्या समाजाला समजावून सांगावा लागत नाही. आम्ही पिढ्यानपिढ्या तलाव बांधणारी माणसं. जिल्ह्यात कुठल्याही जुन्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे राहा, ती कोणाच्या पणज्याने घातली हे सांगणारा आमच्यातला एक तरी तिथे भेटतोच. मी केशोरावांना जाऊन सांगितलं, तर त्यांनी पानाची पिचकारी टाकून एका वाक्यात निकाल दिला, "भरला तं पाळ उचला."

"पाळ उचलायची म्हणजे मोठी जागा भाड्याने घ्यावी लागेल. वर्गणी काढावी लागेल."

वर्गणीचं नाव ऐकताच केशोरावांचं पाण्याबद्दलचं मत बदललं. "मंग पानी कमी येऊ द्या," ते म्हणाले.

पाणी कुठून येत होतं ते मोहितने दाखवलं. आजकालच्या फोनने काढलेला एकेक फोटो सहा-सात एमबीचा असतो. एमबी म्हणजे काय, हे त्याने मला दोनदा समजावलं आणि दोन्ही वेळा मी समजल्यासारखी मान हलवली. खात्यात मी सारी नोकरी त्या मानेवर काढली आहे. एवढं मात्र कळलं की हजार केबी झाले की एक एमबी होतो, आणि चेहरा ओळखण्यापुरता फोटो शंभर केबीत आरामात बसतो. बाकीचं सगळं वजन उगीच असतं. मी ताबडतोब केशोरावांची सही घेऊन आदेश काढला. भाषा खात्यातलीच वापरली: 'सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, यापुढे शंभर केबीहून अधिक आकाराचे छायाचित्र कोणत्याही सबबीवर स्वीकारले जाणार नाही.' मोहितने आधी चढलेले मुलामुलींचे मोठे फोटो उतरवले आणि साइटला तसं कुलूपही लावलं. मोठा फोटो टाकला की लाल अक्षरांत नकार यायचा.

आणि माझा फोन वाजायला लागला.

एका गृहस्थांनी मुलाचा मोठा फोटो कात्रीने कापून पासपोर्टएवढा केला, त्याचा पुन्हा फोनने फोटो काढला आणि टाकला. तो आधीपेक्षा मोठा भरला. त्यांनी मला विचारलं, अजून किती कापू? एका बाईंनी लाल अक्षरं पाहून मुलीचं स्थळच नाकारलं असं समजून घरात रडारड केली. दुसऱ्या एकाने थेट आरोप केला की अमक्याच्या मुलीला पंच्याण्णव केबी दिले आणि आमच्या मुलीला साठच, हा कुठला न्याय? समाजात पूर्वी शेतीच्या एकरांवरून भांडणं व्हायची. मी ती केबीवर आणली, ही माझी समाजसेवा.

पण सगळ्यात कठीण निघाले पुनारामजी. बोदलकशाच्या अलीकडे त्यांचं गाव. मुलाचं नाव कुशल, तो शेतीही करतो आणि तिरोड्याला खताचं दुकानही चालवतो. आता आमच्यात मुलाचा फोटो काढायची एक रीत आहे, ती बाहेरच्यांना माहीत नसेल. मुलाला घरच्या तलावाच्या पाळीवर उभा करतात, आणि फोटो काढणारा इतका मागे जातो की सगळा तलाव फोटोत आला पाहिजे. मुलगा कोपऱ्यात काडीएवढा दिसतो. मी खात्यातला माणूस. त्या फोटोंमधला एकही मुलगा मला ओळखू यायचा नाही, तलाव मात्र सगळे ओळखू यायचे.

मी पुनारामजींना फोनवर म्हटलं, "फोटो मोठा होतोय. बाजूचं कापा आणि नुसता मुलगा ठेवा."

"कायले कापू?"

"वजन कमी होईल."

"माह्या आज्याच्या आज्यानं बांधली ते पाळ. ते कापू म्हनता? पोरीचा बाप काय पोराचं थोबाड पाहून पोरगी देऊन राह्यला का? तलाव पाहून देते. पोरगा कापा पायजे तं."

खोटं ते काहीच बोलत नव्हते.

उपाय सुचवला शेजारच्या शांतीबाईंनी. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय असतो आणि दुर्दैवाने तो कधीकधी बरोबर निघतो. "वॉट्सॲपवर पाठवाले सांगा नं भाऊजी. तिथून आला का फोटो आपोआप बारीक होते." खरंच होत होता! मी पुन्हा आदेश काढला की फोटो माझ्या नंबरवर पाठवावेत. आठवड्यात माझा फोन भरला. मग बायकोचा नंबर दिला. तिचाही भरला आणि तिची सगळी भजनं त्यात वाहून गेली. ती माझ्याशी दोन दिवस फक्त शांतीबाईंमार्फत बोलत होती.

त्या गर्दीत कोणाचा फोटो कोणाचा, याचा मेळ सुटला. पुनारामजींचा तलाव आमगावच्या दामिनी नावाच्या मुलीच्या नावापुढे चढला. मला हे कळायच्या आत तिला तीन ठिकाणांहून विचारणा आली होती. तिच्या बापाला मी चूक सांगितली, तर तो म्हणाला, "राहू द्या गा तसाच. येऊन राह्यले नं लोक."

आता मूळ दुखण्याकडे येतो, कारण ते टाळून ही गोष्ट सांगता येणार नाही.

माझी मुलगी रेणू आमगावच्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. रोज गाडीने जाते, रोज गाडीने येते, आणि येताना पेपर तपासून आणते. हुशार आहे, स्पष्ट बोलते, आणि रंगाने माझ्यावर गेली आहे. माझा रंग मला कधी आडवा आला नाही, कारण मी मुलगा होतो आणि सरकारी नोकरीत होतो. तिचा फोटो मात्र जिथे जिथे गेला, तिथून निरोप आला नाही. नाही म्हणणारेही आले नाहीत. नुसती शांतता यायची. ती शांतता ती आमच्यासमोर हसण्यावारी न्यायची आणि आम्ही दोघं तिच्यामागे जेवण अर्धं टाकायचो.

साइटच्या फॉर्ममध्येही 'वर्ण' असा रकाना होता. बोट ठेवलं की पर्याय उघडायचे: गोरा, निमगोरा, गव्हाळ. आणि यादी संपायची. मी मोहितला विचारलं, याच्या खालचा पर्याय कुठे गेला? तो म्हणाला, "पहले रखा था अंकल. किसी ने सिलेक्ट ही नहीं किया, तो हटा दिया." म्हणजे आमच्या समाजात, जो समाज उन्हात उभं राहून माती वाहत आला, एकही सावळा माणूस शिल्लक नव्हता!

उपवर मुलामुलींचा परिचय मेळावा जवळ आला होता. नागऱ्याच्या देवळाजवळच्या सभागृहात पडद्यावर सगळ्यांचे फोटो दाखवायचे, असा बेत होता. बायकोने जेवायला वाढताना विषय काढला.

"साऱ्या समाजाच्या पोरी चढवल्या तुम्ही. आपली कधी चढवता?"

रेणूने पहिल्यांदा नाही म्हटलं. मग आईचा चेहरा बघून म्हणाली, "टाका. पण मी देते तोच टाका." तिने आमगावच्या फलाटावर मैत्रिणीने काढलेला फोटो दिला. डोळ्यांवर ऊन, हातात पेपरांचा गठ्ठा, आणि कशाला तरी खूप हसत होती. तिने तो स्वतःच लहान करून दिला होता, शंभराच्या आत. संबंध गावात माझा आदेश नीट पाळणारी ती एकटीच!

फोटो चांगला होता. पण आम्ही घाबरलो. त्यात ती जशी आहे तशीच दिसत होती.

मग जे केलं ते आम्ही नवराबायकोने मिळून केलं, तरी बायको आता ते एकट्या माझ्या नावावर सांगते. चुलतबहिणीच्या लग्नातला रेणूचा पिवळ्या साडीतला फोटो घेऊन आम्ही बाजारातल्या एका स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाल्याने न विचारताच ओळखलं. "थोडा ब्राइट कर देता हूँ." त्याने तो थोडा केला, मग बायको म्हणाली अजून, मग अजून. शेवटी पडद्यावर एक मुलगी उरली, जी पिवळी साडी नेसली होती आणि बाकी कोणाच्याही घरची असू शकत होती. मागे त्याने पडदे लावले, वर झुंबर टांगलं, आणि म्हणाला, "बड़े साइज में देता हूँ, अंकल. प्रोजेक्टर पे मस्त दिखेगा."

फोटो चौदा एमबीचा होता. कुलूप सगळ्यांसाठी होतं, पण प्रमुखाच्या पासवर्डने आत गेलं की कुलूप लागत नाही, हे मला माहीत होतं. मी स्वतःला समजावलं की नियम समाजासाठी असतो. तो प्रमुखालाही लागू असता तर प्रमुख नेमलाच कशाला असता? बटण दाबलं. बराच वेळ गोल गोल फिरलं आणि चढला. रेणूने दिलेला फोटो मी तिथेच बाजूला ठेवला.

मेळाव्याच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका, मध्ये लहान मुलं, आणि पडद्याजवळच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन मोहित. सभागृहात इंटरनेट नव्हतं, म्हणून केशोरावांच्या फोनवरून ते घेतलं होतं, आणि त्यावर दर थोड्या वेळाने फोन आला की ते अडत होतं. तरी काम फटाफट चाललं होतं. नाव पुकारलं की फोटो पडद्यावर टपकन हजर. तलाव, मुलगी, तलाव, ट्रॅक्टर, मुलगी, तलाव. केशोराव माझ्या खांद्यावर हात ठेवून माइकवरून माझी तारीफ करत होते. "पाहा, शंभर केबीत कसं पटापट येऊन राह्यलं. हे कैलाशभाऊची शिस्त." मी मान खाली घालून नम्र दिसत होतो. पहिल्या रांगेत बसून नम्र दिसायची मला सवय आहे.

मग नाव पुकारलं, "कुमारी रेणू."

पडदा पांढरा. थोड्या वेळाने वरून एक पट्टी उतरली. झुंबर. अजून एक पट्टी. पडद्यांची झालर. मग काळे केस, हळूहळू, जणू कोणी छतावरून खाली डोकावतंय. मग कपाळाचा वरचा काठ आला, आणि तिथेच थांबला.

"बाकीची पोरगी कुठं अडली गा?" मागून कोणीतरी विचारलं.

मोहितने माइक तोंडाशी घेतला. खोटं बोलण्यात तो तसा तरबेज आहे, दुकान चालवतो. पण नेमका त्या दिवशी खरं बोलला. "अंकल, ये वाला चौदह एमबी का है. बाकी सब तो सौ केबी के अंदर हैं. ये ॲडमिन से डाला हुआ है."

सभागृहातल्या अर्ध्या लोकांना ॲडमिन म्हणजे काय ते माहीत नव्हतं. चौदा आणि शंभर कळायलाही वेळ लागला असता. पण पुनारामजी उठून उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना ते समजावून सांगितलं.

"आमाले तलाव कापाले सांगत होते हे! माह्या आज्याची पाळ कापाले लावत होते. आन यायची सोताची पोरगी? झुंबरासकट!"

हशा असा उठला की बाहेर देवळातली घंटा वाजवणारा माणूसही दारात येऊन बघायला लागला. केशोरावांनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. मी नम्र दिसायचं सोडून फक्त जमिनीकडे बघत होतो. फरशी चांगली होती. कपाळ तिथेच अडकून होतं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. रेणू उठली. कोणी तिला बोलावलं नव्हतं. ती सरळ चालत मंचावर गेली, मोहितच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाली, "उरलेला फोटो मी घेऊन आले."

पुन्हा हशा झाला, पण हा वेगळा होता. ती बोलत राहिली. नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, नोकरी सांगितली. स्वयंपाक येतो पण रोज आवडत नाही, हेही सांगितलं. "माझा वर्ण फॉर्ममध्ये नाही," ती म्हणाली, "तो समोर दिसतोच आहे." माझ्या बाजूला बसलेल्या गृहस्थांनी नकळत टाळी वाजवली आणि मग इकडेतिकडे बघून हात मांडीखाली घेतले.

आणि त्याच वेळी केशोरावांच्या फोनवर आलेला कॉल संपला. इंटरनेट मोकळं झालं, आणि तिच्या मागे पडद्यावर उरलेला फोटो एका दमात उतरला.

मंचावर माझी मुलगी, आणि तिच्या मागे भिंतभर दुसरीच कोणी. दुधासारखी. मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नाही, आणि ती चौदा एमबीची नव्हती. सगळं सभागृह आधी पडद्याकडे बघत होतं, मग तिच्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. तिने लोकांच्या नजरा पाहिल्या आणि वळून बघितलं.

"हिला मी ओळखत नाही," ती म्हणाली. "ज्यांना ही पसंत असेल त्यांनी बाबांशी बोलावं. मी पसंत असेन त्यांनी माझ्याशी." माइक ठेवून ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. बायको तिच्या शेजारी होती आणि पदराने डोळे पुसत होती.

गोंदियाला परत येताना ऑटोत ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. मी दोनदा खाकरलो. तिने वळून पाहिलं नाही.

पुढच्या सभेत मला 'विनंतीवरून' पदमुक्त करण्यात आलं. विनंती कोणाची, हे इतिवृत्तात नाही. माझ्या जागी कोण, असं केशोरावांनी विचारलं, तर सभा पुन्हा पंख्याकडे बघायला लागली. आणि प्रिंटर अजूनही आमच्याच घरी असल्यामुळे रेणूची निवड झाली.

तिने पहिल्याच रविवारी बसून साइट साफ केली. जेवताना मला म्हणाली, "बाबा, सर्वर कशाने भरला होता माहिती आहे?" मी म्हटलं, पुनारामजींच्या तलावाने. तसं नव्हतं. सगळ्या समाजाच्या मुलामुलींच्या फोटोंनी मिळून जेवढी जागा घेतली होती, तिच्यापेक्षा जास्त 'पदाधिकारी' या एका पानाने घेतली होती. शाल घातलेले केशोराव, नारळ घेतलेले केशोराव, फीत कापणारे केशोराव, आणि सगळ्यात जड, माझा सत्काराचा फोटो. तो तिने माझ्यासमोर साठ केबीचा केला. चष्मा लावूनही माझ्या गळ्यातला हार मला ओळखू आला नाही.

मग तिने तो वर्णाचा रकाना काढून टाकला. केशोरावांचा फोन आला, "पोरी, तो रकाना काऊन काढला?"

"जागा वाचवायला, काका."

जागा वाचवायचा आदेश त्यांच्याच सहीचा होता, त्यामुळे त्यांनी फोन ठेवून दिला. पडद्यावरची ती गोरी मुलगीही तिने काढली, आणि तिथे फलाटावरचा फोटो लावला. ऊन डोळ्यांवर, पेपर हातात.

परवा सकाळी पुनारामजींचा फोन आला. आवाज तापलेला. "कैलाशभाऊ, माहा तलाव कोनं कापला?"

"मी नाही. मी आता कोणीच नाही."

"पोट्ट्यानं सोताच कापला म्हनते! मेळाव्यातून आला तवापासून डोकं फिरलं त्याचं. म्हनते, मले पाहून द्या, तलाव पाहून नोका देऊ. सांगा, एवढी मोठी पाळ, काऊन कापली असन?"

का कापली असेल, ते मला माहीत होतं. पण प्रमुखपद गेल्यापासून मी कमी बोलायला शिकलो आहे.

मी रेणूजवळ गेलो. तिच्यासमोर कुशलचा नवा फोटो उघडा होता. पाळ नाही, पाणी नाही. पहिल्यांदाच त्या मुलाला चेहरा होता. रापलेला, थोडा संकोचलेला, शर्टाचं वरचं बटण नको तेवढं लावलेलं. अठ्ठ्याण्णव केबी. खाली त्याने लिहिलं होतं की फोटो मोठा होत असेल तर अजून कापतो.

तिने तो तसाच मंजूर केला. मग थोड्या वेळाने विचारलं, "बाबा, बोदलकशाकडे जायला तिरोड्याहून गाडी मिळते ना?"

"मिळते की!" मी खुर्ची ओढून बसलो. किती दिवसांनी तिने मला काही विचारलं होतं. "अगं, पुनारामजींचा तलाव म्हणजे खात्यातले इंजिनिअर बघायला यायचे. त्याची पाळ किती जुनी, त्यात पाणी किती मावतं..."

"बाबा," ती म्हणाली, "तलाव बघायला नाही जायचं."